चाक निखळलेलं विमान उतरतं कसं?

६ मे २०२१. कोविडच्या दुसऱ्या लाटेचे दिवस. नागपूर विमानतळावरून एका रुग्णाला घेऊन एक लहान एअर अ‍ॅम्ब्युलन्स उडाली. विमान होतं बीचक्राफ्ट किंग एअर सी-९०, दोन टर्बोप्रॉप (म्हणजे पंखा, प्रोपेलर फिरवणाऱ्या) इंजिनांचं. रुग्ण, सोबतची माणसं आणि वैमानिक मिळून आत पाच जण होते. उड्डाणाच्या वेळीच विमानाचं एक चाक निखळून खाली पडलं. विमानतळावर पहाऱ्यावर असलेल्या सीआयएसएफच्या एका जवानानं ते पडताना पाहिलं आणि ताबडतोब वर कळवलं. रात्री नऊच्या सुमारास हे विमान मुंबई विमानतळावर चाकं न उघडता, थेट पोटावर उतरलं. पाचही जण सुखरूप बाहेर आले. तेव्हाचे नागरी हवाई वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी कॅप्टनच्या प्रसंगावधानाचं जाहीर कौतुक केलं.

अशी बातमी आली की आपल्याकडे ‘चमत्कार’ हा शब्द लगेच निघतो. लोकांचा जीव भांड्यात पडलेला असतो, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण या शब्दामुळे खरी गोष्ट झाकली जाते. चाकं मोडलेलं विमान माणसांना इजा न होता उतरवता येतं, ते विमानाच्या रचनेमुळे आणि ठरलेल्या पद्धतीमुळे. आणि अशा प्रसंगी माणसं जेव्हा दगावतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा मोडलेल्या चाकापेक्षा वेगळंच असतं. ते नीट समजून घ्यायला सुरुवात चाकापासूनच करावी लागेल.

विमानाची चाकं, ती धरणारे पाय, धक्का शोषणारी यंत्रणा, ब्रेक, आणि पाय आत घेता येत असतील तर त्यांची उघडझाप करणारी यंत्रणा, या सगळ्याला मिळून लँडिंग गिअर म्हणतात. लहान विमानांत याचे दोन प्रकार. बारामती किंवा धुळ्याच्या आकाशात शिकाऊ वैमानिकांची सेस्ना १७२ सारखी जी विमानं घिरट्या घालताना दिसतात, त्यांचा गिअर कायम बाहेरच असतो. मागे पंखाखाली दोन मुख्य चाकं आणि पुढे नाकाखाली एक. किंग एअरसारख्या वेगवान विमानांचा गिअर उड्डाणानंतर आत घेतला जातो, कारण बाहेर लोंबणारे पाय हवेला अडतात, वेग खातात आणि इंधन जाळतात. पाय आत घेतल्यानं फायदा मोठा होतो, पण बिघडू शकणाऱ्या गोष्टीही त्याबरोबर वाढतात. मोटर किंवा हायड्रॉलिक पंप, नळ्या, कुलपं, दरवाजे, स्विच, दिवे. ज्याचा गिअर बाहेरच असतो, त्याचा वैमानिक तो उघडायला विसरूच शकत नाही.

सेस्नाचं पुढचं चाक जरा जवळून पाहू. उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो आणि या चाकापाशी खाली वाकून थांबतो. चाकाच्या वर एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या दिसतात. त्यांतली आतली नळी आरशासारखी चकचकीत असते. आत हायड्रॉलिक तेल आणि दाबाखाली भरलेला वायू असतो, बहुधा नायट्रोजन. चाक जमिनीवर आदळलं की आतली नळी वर सरकते, तेल एका बारीक भोकातून जोरानं पलीकडे ढकललं जातं आणि आपटण्याची ऊर्जा उष्णता होऊन तेलात जिरते. वायू दाबला जातो आणि मग नळीला हळूहळू पुन्हा खाली आणतो. याला ऑलिओ म्हणतात. फेरी मारणारा वैमानिक पाहतो की चकचकीत भाग दोन-तीन बोटं तरी बाहेर दिसतोय ना. दिसत नसेल तर आतला वायू किंवा तेल गेलेलं आहे आणि येणारा धक्का शोषायला जागाच उरलेली नाही. नळीवर तेलाचा ओघळ असेल तर सील गळतंय. मग टायरची झीज, ब्रेकची नळी, चाकाला सरळ ठेवणारी कात्रीसारखी जोडणी आणि तिचे बोल्ट, चाक थरथरू नये म्हणून बसवलेला डॅम्पर. या पाहणीला दोन मिनिटंही लागत नाहीत. गिअरचे कित्येक अपघात इथेच टळतात. वर्तमानपत्रात त्यांची बातमी येत नाही, एवढंच.

आता गिअरवर भार किती येतो ते पाहू. उतरणाऱ्या विमानाला दोन वेग असतात, एक पुढे जाण्याचा आणि एक खाली येण्याचा. किंग एअरसारखं विमान ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगानं, म्हणजे सेकंदाला ५० मीटरनं धावपट्टीवर टेकतं असं धरू. खाली येण्याचा वेग मात्र चांगल्या लँडिंगमध्ये सेकंदाला एक मीटरही नसतो. पुढे जाण्याचा वेग ब्रेकनं, पंख्याच्या उलट्या जोरानं आणि लांबलचक धावपट्टीच्या मदतीनं सावकाश मारायचा असतो. खाली येण्याचा वेग मात्र टेकल्याबरोबर, काही इंचांच्या अंतरात मारावा लागतो आणि ते काम ऑलिओचं. लहान विमानांच्या अमेरिकी नियमांत गिअरच्या रचनेसाठी कित्येक दशकं खाली येण्याचा वेग सेकंदाला ७ ते १० फूट धरला जात असे. १० फुटांचा आकडा म्हणजे अख्खं विमान सुमारे दीड फुटावरून खाली सोडून देण्यासारखं. ऐकायला दीड फूट फार वाटत नाही, पण सेस्ना १७२ चं भरलेलं वजन अकराशे किलोच्या वर असतं आणि किंग एअर सी-९० चं साडेचार टनांच्या आसपास. शिवाय हा हिशेब विमान सरळ आणि समतोल खाली येण्याचा आहे. आडव्या वाऱ्यात विमान तिरकं टेकलं तर बाजूचा भार येतो, आणि पाय त्या दिशेला तितका मजबूत नसतो.

नव्या वैमानिकांच्या हातून गिअर सगळ्यात जास्त मोडतो तो पुढचा. मागचे दोन पाय आधी टेकवायचे आणि नाक अलगद खाली आणायचं, हा लँडिंगचा पहिला धडा. कारण मागचे पाय मार खाण्यासाठीच बनवलेले असतात आणि नाकाखालचा पाय मुख्यतः विमान वळवण्यासाठी. पण वेग जास्त असेल तर विमान टेकायला तयार नसतं. पंखांना अजून उचल असते. घाईत वैमानिक नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी टेकतं आणि विमान उसळतं. वैमानिक दचकून पुन्हा नाक दाबतो, तोवर विमान आपणहून खाली येत असतं, त्यामुळे दुसरी आपट पहिलीपेक्षा मोठी बसते. हातांची हालचाल विमानाच्या उसळीच्या अर्धा क्षण मागे पडत जाते. तिसऱ्या उसळीला बहुधा पुढचा पाय तरी मोडतो, नाहीतर पंखा जमिनीला लागतो. यावर उपाय एकच शिकवला जातो. पहिल्याच मोठ्या उसळीला लँडिंगचा नाद सोडायचा, पूर्ण ताकद द्यायची, वर जायचं आणि पुन्हा नीट घिरटी घालून उतरायचं. हा निर्णय घ्यायला विद्यार्थ्याला अवघड जातं, कारण धावपट्टी समोर असते आणि ‘आता झालंच’ असं वाटत असतं. शिकवणाऱ्यांनी या एका निर्णयाचं कौतुक चांगल्या लँडिंगइतकंच करावं, असं मला मनापासून वाटतं.

अशा आदळण्यानंतर विमान वरवर ठीक दिसलं, तरी सेस्ना १७२ चा मेकॅनिक एक जागा हटकून तपासतो. पुढच्या पायाचा भार इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर येतो, ज्याला फायरवॉल म्हणतात. तिथे सुरकुती पडली असेल, रिव्हेट हलले असतील, तर दुरुस्तीपर्यंत विमान उडवत नाहीत. म्हणून लँडिंग जोरात झालं तर ते लपवायचं नसतं, वहीत नोंदवायचं असतं. पुढच्या उड्डाणाला त्याच विमानात दुसराच कुणीतरी विद्यार्थी बसणार असतो.

गिअर बिघडण्याच्या बाकी तऱ्हा थोडक्यात सांगतो. टायर फुटतो आणि विमान त्या बाजूला ओढलं जातं. चाकाचं बेअरिंग जळून अडकतं किंवा आसावरच्या नटाचं कुलूप निसटतं, आणि चाकच निघून जातं. पाय खाली येतो पण त्याचं कुलूप बसत नाही, मग वजन पडल्यावर तो दुमडतो. पाय खाली येतच नाही. आणि एक तऱ्हा अशी, की सगळं ठणठणीत असतं पण वैमानिक गिअर उघडायलाच विसरतो. ही शेवटची तऱ्हा वाटते तितकी दुर्मीळ नाही. म्हणूनच इंजिनाची ताकद कमी केली आणि गिअर वरच असला, की कॉकपिटमध्ये भोंगा वाजतो.

गिअर उघडून कुलूपबंद झाला हे वैमानिकाला कळतं ते तीन हिरव्या दिव्यांवरून, एका पायाला एक दिवा. तीनही लागले तर उतरायचं, दोनच लागले तर थांबायचं. पण न लागलेला दिवा दोन गोष्टी सांगत असू शकतो. पाय खरंच अडकलाय, किंवा नुसता बल्ब गेलाय. म्हणून जुन्या लहान विमानांत हे बल्ब उपसून एकमेकांच्या जागी घालून पाहता येतात. पायपर अ‍ॅरो या विमानात आणखी एक खोच आहे. बाहेरच्या दिव्यांचा स्विच चालू असला की गिअरचे हिरवे दिवे रात्रीसाठी मंद होतात. भर दुपारी तो स्विच चुकून चालू राहिला, तर उन्हात ते दिवे दिसतच नाहीत आणि वैमानिकाला वाटतं गिअर उघडलाच नाही. अनेक ‘आणीबाणी’ त्या एका स्विचपाशी संपलेल्या आहेत.

बल्ब ठीक असूनही दिवा लागत नसेल, तर गिअर हातानं उघडायची सोय असते. कुठे पंप मारायचा, कुठे एक खटका ओढून पाय आपल्याच वजनानं खाली पडू द्यायचे. बीचक्राफ्ट बोनान्झामध्ये पुढच्या दोन सीटांच्या मागे एक हँडल असतं. ते जवळपास ५० वेळा फिरवावं लागतं. एका हातानं विमान सांभाळत, मागे हात वळवून, अरुंद जागेत पन्नास फेरे! एकटा वैमानिक असेल तर घाम निघतो. या काळात विमान सुरक्षित उंचीवर, सरळ उडत ठेवणं हे गिअरपेक्षा महत्त्वाचं काम असतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता नागपूरच्या विमानाकडे येऊ. तिथे दिव्यांचा उपयोग नव्हता. दिवा पायाचं कुलूप दाखवतो. पायाच्या टोकाला चाक आहे की नाही, हे तो दाखवत नाही. आपल्या सीटवर बसून वैमानिकाला खालचं चाक दिसत नाही. काही लहान दुइंजिनी विमानांत इंजिनाच्या आवरणावर छोटा आरसा बसवलेला असतो तो याचसाठी, पण त्यातही सगळं दिसत नाही. म्हणजे खाली उभ्या असलेल्या त्या जवानाचं लक्ष नसतं, तर वैमानिकांनी नेहमीसारखा गिअर उघडला असता, तीन हिरवे दिवे लागले असते आणि ताशी १८० किलोमीटरच्या वेगात विमान एका बाजूला चाकावर आणि दुसऱ्या बाजूला उघड्या लोखंडी खुंटावर टेकलं असतं. या घटनेत कॅप्टनचं कौतुक झालं ते योग्यच झालं. माझ्या मते त्या जवानाची नजर तितकीच मोलाची होती. पडलेली वस्तू पाहून ‘असेल काहीतरी’ म्हणून तो पुढे गेला नाही.

मग प्रश्न येतो, एक चाक गेलं तर उरलेल्या दोन चाकांवर का उतरायचं नाही? कारण उरलेला खुंट धावपट्टीत रुततो आणि विमानाला त्या बाजूला हिसका देतो. विमान गर्रकन फिरतं, धावपट्टीबाहेर जातं, पंख जमिनीला लागतो. पंखात इंधन असतं. पाय मुळापासून उखडला तर जाता जाता इंधनाची टाकीही फाडू शकतो. पाचही जणांचा जीव सगळ्यात जास्त धोक्यात येतो तो या गर्रकन फिरण्यात. तिन्ही पाय आत घेतले तर दोन्ही बाजू सारख्या होतात, विमान सरळ घसरतं. प्रत्येक वेळी हेच उत्तर असतं असं मात्र नाही. कुठल्या विमानात, कुठला पाय बिघडला असताना काय करायचं, हे त्या विमानाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुढचं एकच चाक उघडत नसेल तर साधारणपणे मागच्या दोन चाकांवर उतरून नाक शक्य तितका वेळ वर धरून ठेवतात. आकडेमोड विमानागणिक बदलते, पण विमान जमिनीवर सरळ राहिलं पाहिजे हा विचार सगळीकडे सारखाच.

पोटावर घसरण्याचं नाव ऐकूनच अंगावर काटा येतो. तरी हिशेब करून पाहू. सेकंदाला ५० मीटरनं जाणारं विमान धावपट्टीवर घसरत समजा ५०० मीटरमध्ये थांबलं. मग त्याचा वेग दर सेकंदाला अडीच मीटरनं कमी होतो. मोटारीत करकचून ब्रेक मारल्यावर जो हिसका बसतो, त्याच्या साधारण एक-तृतीयांश हा झाला. पट्टा बांधलेल्या माणसाला यानं इजा होण्याचं कारण नाही. ऊर्जा प्रचंड असते हे खरं, पण ती मारायला अंतर मिळतं आणि विमानाच्या पोटाचा पत्रा झिजत झिजत ती खातो. माणसाला मारतो तो अचानक थांबा. झाड, भिंत, खड्डा, किंवा गोलांटी. मोकळ्या, लांब, सपाट धावपट्टीवर यांतलं काहीच नसतं. म्हणूनच अशा वेळी मोठा विमानतळ निवडतात. तिथे लांब धावपट्टी असते, अग्निशमनाचे बंब असतात, आणि रुग्णवाहिका व रुग्णालय जवळ असतं. मुंबईत हे सगळं होतं.

उरतो तो आगीचा धोका. धातू सिमेंटवर घासला की ठिणग्या उडतात. त्यावर पहिला उपाय म्हणजे इंधन कमी करणं. लहान विमानांना इंधन हवेत सोडून देण्याची सोय नसते, ते जाळावंच लागतं. १३ मे २०२४ ला ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल इथे याच किंग एअर घराण्यातल्या एका विमानाचा गिअर उड्डाणानंतर बिघडला. वैमानिक आणि दोन प्रवासी घेऊन ते विमान तीन तासांहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत राहिलं, इंधन संपवत आणलं आणि मग पोटावर इतकं अलगद उतरलं की तिघंही आपल्या पायांनी चालत बाहेर आले. दुसरा उपाय म्हणजे टेकण्याच्या आसपास, पुस्तकात सांगितलेल्या क्रमानं, इंजिनाचं इंधन आणि विजेचे स्विच बंद करणं. तिसरा फोम. मुंबईत त्या रात्री धावपट्टीवर फोम टाकला होता. टीव्हीवर पांढरा गालिचा छान दिसतो, पण फोमबद्दल जगभरात मतभेद आहेत. तो पसरायला वेळ लागतो, विमान नेमकं त्याच पट्ट्यावर टेकेल याची खात्री नसते, आणि बंबांतला साठा आधीच वापरला गेला तर खऱ्या आगीला कमी पडू शकतो. म्हणून अनेक ठिकाणी आता आधी फोम पसरण्याऐवजी बंब धावपट्टीच्या कडेला तयार ठेवून विमान थांबताच मारा करणं पसंत करतात.

एक मोह वैमानिकांना टाळावा लागतो, पंखे वाचवण्याचा. पोटावर उतरताना पंख्यांची पाती धावपट्टीला लागून वाकतात आणि लाखोंचं नुकसान होतं. म्हणून काहींना वाटतं, टेकण्याआधी बरंच वर असतानाच इंजिन बंद करावं, पाती आडवी करून ठेवावीत. पण इंजिन बंद केल्यावर अंदाज चुकला तर पुन्हा वर जाण्याची वाट बंद होते. विमान दुरुस्त होतं किंवा विम्यातून भरून निघतं. त्या क्षणी हिशेबात फक्त आतली माणसं धरायची असतात.

आणि पोटावर एकदा टेकलं की तिथेच राहायचं. हे किती कठोरपणे पाळावं लागतं, ते २२ मे २०२० ला कराचीत दिसलं. पाकिस्तानच्या पीआयए कंपनीचं एअरबस ए-३२० फार वेगात आणि फार उंचावरून उतरायला आलं. गिअर आधी उघडून नंतर परत आत घेतला गेला होता आणि कॉकपिटमधल्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झालं. दोन्ही इंजिनं धावपट्टीवर घासली. घासलेल्या त्या इंजिनांवर विमान पुन्हा उडालं. काही मिनिटांत दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमान विमानतळाशेजारच्या वस्तीवर कोसळलं. विमानातल्या ९९ पैकी फक्त दोघं वाचले. धावपट्टीवर तसंच घसरत थांबलं असतं, तर बहुतेक सगळे वाचले असते असंच वाटत राहतं.

मघाशी म्हटलं की दगावण्याचं कारण बहुतेक वेळा चाकापेक्षा वेगळं असतं. २९ डिसेंबर १९७२ ला मायामीला उतरणाऱ्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या उड्डाणात पुढच्या गिअरचा हिरवा दिवा लागला नाही. विमान दोन हजार फुटांवर ऑटोपायलटवर ठेवून कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. बहुधा कुणाच्या तरी नकळत लागलेल्या धक्क्यानं ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं सुटलं. विमान हळूहळू खाली येत राहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. फ्लोरिडाच्या दलदलीत ते कोसळलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. गिअर ठीक होता. फक्त बल्ब गेला होता.

२८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेतच पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं डीसी-८ विमान गिअर उघडताना विचित्र धाडकन आवाज झाला म्हणून घिरट्या घालू लागलं. कॅप्टन अत्यंत काळजीपूर्वक तयारी करत होता. प्रवाशांना सूचना, केबिनमधली मांडणी, गिअरची तपासणी. ही तयारी तासभर चालली. सहकारी इंधनाबद्दल अधूनमधून बोलत होते, पण ठामपणे कुणी ‘आता उतरा’ म्हटलं नाही. एकामागून एक चारही इंजिनं इंधनाविना थांबली आणि विमान शहराच्या उपनगरात उतरलं. १८९ पैकी १० जण गेले. गिअर खाली होता आणि कुलूपबंदही होता. या अपघातानंतर कॉकपिटमध्ये माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, काम कसं वाटून घ्यावं, कनिष्ठानं वरिष्ठाला स्पष्ट कसं सांगावं, याचं रीतसर प्रशिक्षण युनायटेडनं १९८१ मध्ये सुरू केलं. आज ते जगभर सक्तीचं आहे. वरिष्ठांपुढे बोलायला जीभ अडखळणं आपल्याकडे तर घराघरांत शिकवलं जातं, त्यामुळे हे प्रशिक्षण मला गिअरच्या कुठल्याही यंत्रणेइतकं महत्त्वाचं वाटतं.

१ नोव्हेंबर २०११ ला लॉट या पोलिश कंपनीचं बोइंग ७६७ विमान न्यूअर्कहून २३१ जणांना घेऊन वॉर्साला आलं. हायड्रॉलिक तेल गळून गेलं होतं, गिअर उघडेना. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी ते इतकं सुरेख पोटावर उतरवलं की एकालाही गंभीर दुखापत झाली नाही. नंतर विमान क्रेननं उचललं, कॉकपिटमधला बाहेर आलेला एक सर्किट ब्रेकर आत दाबला, आणि पर्यायी यंत्रणेनं गिअर उघडला! हवेत कुणाचं त्या छोट्या बटणाकडे लक्ष गेलं नव्हतं. कौशल्य अफाट होतं, तरी एक गोष्ट नजरेतून सुटली होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि चौकशीचं काम दोन्ही लिहून ठेवणं हे असतं.

म्हणून गिअरच्या आणीबाणीत वैमानिकाला कामांचा क्रम शिकवतात. आधी विमान उडवत राहा. मग कुठे आहोत आणि किती इंधन आहे ते पाहा. मग टॉवरशी बोला. गिअर त्यानंतर. दोन वैमानिक असतील तर एकानं फक्त उडवायचं, दुसऱ्यानं पुस्तक वाचत बिघाड पाहायचा. टॉवरजवळून कमी उंचीवरून विमान नेलं की खालची माणसं दुर्बिणीतून पाय कसे दिसतात ते सांगतात. खालून दिसणारा पाय कुलूपबंद आहे की नाही हे त्यांना कळत नाही, हेही लक्षात ठेवायचं. आणि इंधन किती उरलं की काहीही झालं तरी उतरायचं, तो आकडा आधीच ठरवून दोघांनी मोठ्यानं म्हणायचा.

प्रवाशाच्या वाट्याला काम थोडंच येतं. पट्टा घट्ट बांधायचा, सांगतील त्या पद्धतीनं वाकून बसायचं, खिशातली टोकदार वस्तू आणि चष्मा काढून ठेवायचा. विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, कारण घसरणारं विमान शेवटच्या काही मीटरांतही फिरू शकतं. थांबल्यावर बॅग उचलायची नाही. बाहेर पडल्यावर पंख्यांपासून आणि गळणाऱ्या इंधनापासून दूर, वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला चालत जायचं.

विमान थांबल्यावर वैमानिकांचं काम संपतं आणि मेकॅनिकांचं सुरू होतं. पंख्याचं पातं धावपट्टीला नुसतं घासलेलं दिसलं, तरी सेस्नासारख्या विमानाचं इंजिन उघडून तपासावं लागतं. फिरता पंखा अचानक अडला की तो हिसका थेट क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत जातो. तिथे पडलेली केसासारखी चीर बाहेरून दिसत नाही, आणि ती पुढे कधीतरी, हवेत, तुटते. दरम्यान नागरी विमान वाहतूक महासंचालनालय किंवा विमान अपघात तपास विभाग यांच्याकडे नोंद जाते. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार टायर, ब्रेक, चाकं, पंखे, गिअरचे दरवाजे एवढ्यापुरतंच नुकसान मर्यादित असेल आणि कुणी गंभीर जखमी नसेल, तर घटना साधारणतः ‘अपघात’ या वर्गात धरत नाहीत. विमानाच्या सांगाड्याला मार बसला असेल आणि त्यानं उडण्याची क्षमता बिघडून मोठी दुरुस्ती लागणार असेल, तर तो अपघात. त्यामुळे एकाच घटनेला वर्तमानपत्र ‘भीषण अपघात’ म्हणतं आणि सरकारी कागद ‘गंभीर घटना’. वर्ग कुठलाही असो, निखळलेल्या चाकाचं बेअरिंग, आस, नट, त्याचं कुलूप आणि ते शेवटचं कुणी, कधी बसवलं याची नोंदवही हे सगळं जपून ठेवावं लागतं. विमानतळाच्या गवतात पडलेलं ते चाक शोधून काढणं म्हणूनच तपासातलं पहिल्या काही कामांपैकी एक असतं.